आवडीची नोकरी : शोधावी कशी, मिळवावी कशी?

परीक्षांचे निकाल लागले की घरोघरी एकच प्रश्न कानी पडू लागतो : “आता पुढे काय?” वडील वर्तमानपत्रातील जाहिराती चाळू लागतात, शेजारणीचा मुलगा कोठे चिकटला याची आई चौकशी करते, मामा एखाद्या साहेबांच्या ओळखीची आशा दाखवितात, आणि ज्याच्या आयुष्याचा हा प्रश्न, तो मुलगा किंवा ती मुलगी मात्र कोपऱ्यात गप्प बसलेली असते. कोठेतरी नोकरी लागली म्हणजे सुटलो, अशी सर्वांचीच भावना असते. ती समजण्यासारखी आहे. घरात खाणारी तोंडे पाच आणि मिळविणारे हात दोन, अशी स्थिती असली म्हणजे आवडीनिवडीची भाषा चैनीची वाटते.

तथापि थोडा हिशेब करून पाहावा. बाविसाव्या वर्षी कामाला लागलेला मनुष्य अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाला, तर छत्तीस वर्षे नोकरी झाली. वर्षाचे कामाचे दिवस सुमारे ३०० आणि दिवसाचे आठ तास धरले, तर एकूण ८६,४०० तास होतात. जागेपणीचा एवढा काळ आपण क्वचितच दुसऱ्या कशाला देतो. लग्न जुळविताना आपण घराणे पाहतो, स्वभाव विचारतो, चार ठिकाणी चौकशी करतो. नोकरी मात्र पहिले पत्र आले की डोळे मिटून पत्करतो. पुढे ती पटली नाही म्हणजे त्याची झळ कचेरीतील साहेबाला लागत नाही. ती संध्याकाळी घरी बायकामुलांना लागते. म्हणून हा विषय एकट्या उमेदवाराचा नसून सबंध कुटुंबाचा आहे.

आवड कशात असते?

आवडीचे काम म्हणजे मोठ्या मानाचे किंवा मोठ्या पगाराचे काम, अशी एक समजूत आहे. अनुभव निराळे सांगतो. १९९७ साली एमी रेझनेस्की या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळे व्यवसाय करणाऱ्या माणसांची पाहणी प्रसिद्ध केली. माणसे आपल्या कामाकडे तीन दृष्टींनी पाहतात, असे त्यांना दिसले. कोणी त्याला केवळ पोटाचे साधन मानतो, कोणी वर चढण्याची शिडी मानतो, आणि कोणी ते आपल्या अंगीकृत कार्याप्रमाणे मानतो. यातील ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, त्या पाहणीत एकाच प्रकारचे कचेरीकाम करणारे २४ सेवक होते आणि तेही या तीन गटांत जवळजवळ सारखे विभागलेले आढळले. हुद्दा साधारण एकच, काम साधारण एकच. परंतु एकाला ते ओझे वाटे, तर दुसऱ्याला ते आपले वाटे.

पुढे २००१ साली याच बाईंनी जेन डटन यांच्याबरोबर रुग्णालयातील सफाई कामगारांविषयी लिहिले. काही कामगार नेमून दिलेली झाडलोट करून मोकळे होत. काही मात्र रुग्णाशी दोन शब्द बोलत, परिचारिकांच्या कामाची वेळ पाहून आपले काम आखीत, आणि रुग्ण बरा होण्यात आपलाही हात आहे असे मानीत. काम त्यांना आवडू लागले, याचे कारण त्यांनी ते थोडेसे आपल्या हाताने घडविले होते.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, आवड ही पाटीवर लिहिलेल्या हुद्द्यात शोधू नये. रोज हाताने काय करावे लागते, कोणाबरोबर करावे लागते आणि त्याचा उपयोग कोणाला होतो, यात ती शोधावी. दुसरी ही की, सर्वांगपरिपूर्ण नोकरी बहुधा कोणालाच मिळत नाही. जिच्यात आपल्याला सुधारणेला वाव आहे, अशी मिळाली तरी पुष्कळ झाले.

आधी स्वतःची पारख

व्यवसाय निवडण्याचे शास्त्र असू शकते, हा विचार प्रथम पद्धतशीर मांडणाऱ्यांत फ्रँक पार्सन्स यांचे नाव घेतले जाते. त्यांनी १९०८ साली बोस्टन शहरात तरुणांना व्यवसायाविषयी सल्ला देणारी कचेरी उघडली. त्याच वर्षी ते वारले आणि त्यांचा ग्रंथ १९०९ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्यांचे सांगणे साधे होते : स्वतःला नीट ओळखा, निरनिराळ्या कामांच्या अटी, लाभ आणि अडचणी नीट जाणून घ्या, आणि मग या दोहोंचा मेळ शांतपणे घाला. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी या तीन पायऱ्यांत कमी करण्यासारखे काही नाही.

स्वतःला ओळखावे कसे? “मला काय आवडते?” असा नुसता प्रश्न करून उत्तर मिळत नाही, मिळाले तरी ते पाहिलेल्या चित्रपटाचे किंवा मित्राच्या नोकरीचे असते. त्याऐवजी एक कोरी वही घ्यावी आणि आजवर आपण मनापासून केलेली सात-आठ कामे आठवून लिहावीत. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा जमाखर्च बिनचूक ठेवला असेल, बंद पडलेला पंखा उघडून दुरुस्त केला असेल, धाकट्या भावंडाला गणित शिकवून पास केले असेल, सणाला पन्नास माणसांचा स्वयंपाक रांधला असेल, काहीही चालेल. प्रत्येक कामासमोर लिहावे : यात मी नेमके काय केले? कोणता भाग करताना वेळ कसा गेला ते कळले नाही? कोणत्या भागाचा कंटाळा आला? आठ कामांची अशी टिपणे झाली म्हणजे तीच तीच चार-पाच क्रियापदे पुन्हा पुन्हा दिसू लागतात : जुळविणे, समजावून सांगणे, दुरुस्त करणे, हिशेब लावणे, सेवा करणे. ही क्रियापदे म्हणजेच आपली आवड. नोकरी शोधावयाची ती या क्रियापदांची शोधावी.

आपल्या मर्यादाही त्याच वहीत लिहाव्यात. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे उदाहरण बेळगावकरांना नवे नाही. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेला हा मुलगा चित्रकार होण्याच्या ओढीने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला. तेथे काही काळाने कळून आले की, आपल्याला काही रंग ओळखता येत नाहीत. चित्रकाराच्या दृष्टीने याहून मोठे संकट कोणते? परंतु रंग गेला तरी रेषा शाबूत होती. ते यांत्रिक आरेखनाकडे वळले, त्याच्या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक झाले, बेळगावात भावाबरोबर सायकलींचे दुकान चालविले, आणि पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर करू लागले. लोखंडाने जमीन बिघडेल या समजुतीने शेतकरी आरंभी नांगर घेईनात. तरी हा गृहस्थ हटला नाही. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. ज्या मर्यादेने एक दार बंद केले, तिनेच त्यांना आपल्या खऱ्या कामाच्या दारापाशी नेले.

काम जवळून पाहावे

दुसरी पायरी कामाच्या माहितीची. आपल्याकडे सर्वांत मोठी उणीव येथेच आहे. डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक, बँकेतील कारकून आणि सरकारी अधिकारी यांपलीकडे मुलांना कामे ठाऊकच नसतात. बेळगावच्या मुलाने उद्यमबागेतील ओतशाळेत साचे कसे तयार होतात ते पाहिलेले नसते. इंदूरच्या मुलीला पीथमपूरच्या कारखान्यात मालाची गुणपरीक्षा करणारी माणसे असतात हे ठाऊक नसते. वडोदऱ्याच्या आणि हैदराबादच्या औषध कारखान्यांच्या प्रयोगशाळांत विज्ञानाच्या पदवीधराला कोणते काम असते, हे विचारायला कोणी जात नाही.

या बाबतीत रिचर्ड बोल्स नावाच्या अमेरिकन धर्मोपदेशकांची हकीकत बोधप्रद आहे. १९६८ साली सॅन फ्रान्सिस्को येथील त्यांची जागा पैशाच्या टंचाईमुळे रद्द झाली. पुढे आपल्याप्रमाणेच नोकरी गमावणाऱ्या इतर धर्मोपदेशकांना मदत व्हावी म्हणून त्यांनी १९७० साली स्वतःच्या खर्चाने एक मार्गदर्शिका छापली. ती पुढे लक्षावधी लोकांनी वाचली. तिच्यातील एक सूचना अशी की, नोकरी मागण्याआधी माहिती मागावी. जे काम आपल्याला आवडेल असे वाटते, ते आज करीत असलेल्या माणसाकडे जावे, त्याचा पाव तास मागून घ्यावा आणि चार प्रश्न विचारावेत : आपण या कामात कसे आलात? यातील काय आपल्याला आवडते? काय आवडत नाही? आणि या विषयी मी आणखी कोणाला भेटावे? नोकरी मागायला आलेल्याला पाहून लोक दार लावून घेतात. माहिती विचारायला आलेल्या नम्र मुलाला बहुतेक जण चहा पाजतात.

याहून चांगले म्हणजे काही दिवस ते काम करून पाहणे. १९५० पासून देशात कारागीर प्रशिक्षणाची योजना आहे आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था तिच्यातून चालतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे कारखान्यांत आणि कचेऱ्यांत उमेदवारी करता येते व त्या काळात विद्यावेतनही मिळते. पदवीधरांनाही ही वाट मोकळी आहे. अनेकांना उमेदवारी म्हणजे कमीपणा वाटतो. वस्तुतः दुसऱ्याच्या खर्चाने आपली आवड पारखून घेण्याची ती उत्तम सोय आहे.

बातमी येते कोठून?

जागा रिकामी आहे ही बातमी आपल्यापर्यंत येते कशी? जाहिराती आहेत, संस्थांची स्वतःची संकेतस्थळे आहेत. सरकारी रोजगार विनिमय केंद्रे १९४५ पासून आहेत, आणि २०१५ पासून राष्ट्रीय करिअर सेवेच्या संकेतस्थळावर विनामूल्य नाव नोंदविता येते. या सर्वांचा उपयोग अवश्य करावा. परंतु बऱ्याच जागा जाहिरातीआधीच तोंडी बातमीने भरल्या जातात, हेही ध्यानात असावे.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतील बोस्टनजवळच्या एका गावात ओळखीच्या माणसाकडून नोकरी मिळविलेल्यांना विचारले, “ही बातमी देणारा मनुष्य त्या वेळी तुम्हाला किती वेळा भेटत असे?” १९७३ साली त्याने उत्तरे प्रसिद्ध केली. नेहमी भेटणाऱ्याकडून बातमी मिळालेले १६.७ टक्के, अधूनमधून भेटणाऱ्याकडून ५५.६ टक्के, आणि क्वचितच भेटणाऱ्याकडून २७.८ टक्के होते. याचे कारण विचार केल्यास उघड आहे. जिवलग मित्राला ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. दूरचा परिचित निराळ्या जगात वावरतो आणि तेथील वार्ता आणतो.

तेव्हा जुने शिक्षक, बदली होऊन गेलेले शेजारी, वडिलांचे पूर्वीचे सहकारी, रविवारी मिस्सानंतर देवळाच्या अंगणात दोन शब्द बोलणारे गृहस्थ, या सर्वांना आपण कोणते काम शोधीत आहोत ते स्पष्ट सांगावे. “काहीही चालेल” असे मात्र म्हणू नये. काहीही शोधणाऱ्याची आठवण कोणाला राहत नाही. “मला छापखान्यातील किंवा वेष्टनांच्या आरेखनाचे काम हवे आहे,” असे सांगणाऱ्याची राहते. हा वशिला नव्हे. वशिला लायकीच्या आड येतो. ओळख केवळ दारापर्यंत पोहोचविते, आत आपल्याच पायांनी जावे लागते.

अर्ज आणि मुलाखत

शंभर ठिकाणी एकच अर्ज धाडण्यापेक्षा दहा ठिकाणी दहा निराळे अर्ज धाडावेत. प्रत्येक अर्जात त्या संस्थेला काय हवे आहे आणि आपण त्यातील काय केलेले आहे, एवढेच लिहावे. “मी कष्टाळू व प्रामाणिक आहे” या वाक्याला वजन नाही. “महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील २,००० पुस्तकांची यादी दोन सुट्यांत तयार केली” असे काही खरोखरच केलेले असेल, तर त्याला वजन आहे. अर्ज दोन पानांपलीकडे जाऊ नये, आणि दुसऱ्या कोणाकडून तरी तो शुद्धलेखनासाठी तपासून घ्यावा.

शक्य तेथे कामाचा नमुनाच दाखवावा. गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहासाची पदवी घेतली, घरच्यांच्या इच्छेने वास्तुशास्त्राकडेही वळून पाहिले, पण तेथे मन रमले नाही. लहानपणी घराच्या भिंती चित्रांनी भरणाऱ्या या मुलाला आईने कोरी वही आणून दिली होती आणि पुढे त्यांनी वर्षानुवर्षे सचित्र रोजनिशी ठेवली. जाहिरातीच्या कचेरीत चार वर्षे काम केल्यावर ते व्यंगचित्रांकडे पूर्णपणे वळले. त्यांची पदवी चित्रकलेची नव्हती. त्यांच्या हातचे काम हीच त्यांची पदवी होती. शिवणकाम, स्वयंपाक, लेखन, संगणकाचे काम, सुतारी, या सर्वांना हे लागू आहे.

मुलाखतीस जाण्यापूर्वी ती संस्था काय करते, तिचा माल कोण घेतो, तिच्यापुढे कोणती अडचण आहे, हे वाचून जावे. आपल्या वहीतील तीन अनुभव तोंडी सांगण्याचा घरी मोठ्याने सराव करावा : प्रसंग कोणता होता, मी काय केले, परिणाम काय झाला. येत नसेल ते “येत नाही, पण शिकेन” असे सरळ सांगावे. शेवटी “तुम्हाला काही विचारावयाचे आहे का?” असे ते म्हणतात, तेव्हा मान हलवून उठू नये. “पहिल्या सहा महिन्यांत या जागेवरील माणसाकडून आपली काय अपेक्षा आहे?” आणि “माझ्या आधीचा मनुष्य कोठे गेला?” हे दोन प्रश्न विचारावेत. मुलाखत दोन्ही बाजूंची असते. ते आपल्याला पाहतात, तसे आपणही त्यांना पाहावे. नकार आला तरी आभाराच्या दोन ओळी पाठवाव्यात.

सीमेवरचे धन

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांतील मुले पुष्कळदा तक्रार करतात की, आपण धड इकडचे नाही आणि धड तिकडचे नाही. नोकरीच्या बाजारात हीच गोष्ट भांडवल ठरू शकते. बेळगावचा मुलगा मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी चारही भाषांत व्यवहार करू शकतो. गोव्यातील मुलीजवळ कोंकणीही असते. वडोदऱ्यास गुजराती, हैदराबादेस तेलुगू. रुग्णालये, बँका, विमा, पर्यटन, भाषांतर, विक्री या सर्व क्षेत्रांत अशा माणसाची गरज असते. अट एवढीच की, स्थानिक भाषा नुसती कानावरून गेलेली नसावी. ती लिहिता-वाचता यावी. तिच्याशी फटकून राहिल्यास आपलेच दार आपण लावून घेतो.

फसवणुकीपासून सावध

गरजू मनुष्य पाहून सावज हेरणारे पुष्कळ असतात. नोकरी लावून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या स्वाधीन करू नयेत. आखाती देशांत जावयाचे असल्यास १९८३ च्या परदेशगमन कायद्याप्रमाणे नोंदलेला दलाल आहे की नाही, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पडताळून पाहावे. केवळ प्रवासी व्हिसावर “तेथे गेल्यावर काम मिळेल” असे कोणी सांगितल्यास पाऊल टाकू नये. देशातही रुजू होण्यापूर्वी लेखी नियुक्तिपत्र घ्यावे आणि त्यात पगार, कामाचे तास, रजा, भविष्यनिर्वाह निधी आणि नोकरी सोडण्याची मुदत स्पष्ट आहे की नाही ते पाहावे. आवडीच्या कामाच्या नावाखाली फुकट राबविणारेही असतात. आवड ही पगाराची जागा घेऊ शकत नाही.

वेळ गेलेली नसते

कित्येकांना पहिल्या झटक्यात आवडीची नोकरी मिळत नाही. घरच्या जबाबदारीमुळे मिळेल ते पत्करावे लागते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र त्या नोकरीत असताना आठवड्याचे चार-पाच तास आपल्या खऱ्या कामासाठी राखून ठेवावेत. एखादा अभ्यासक्रम करावा, एखादा नमुना तयार करावा, एखाद्या जाणत्याला भेटावे. हातातील काठी टाकण्यापूर्वी दुसरी धरलेली असावी.

दादासाहेब फाळके यांनी जे. जे. कलाशाळेत आणि पुढे वडोदऱ्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. त्यानंतर त्यांनी गोधऱ्यास छायाचित्रे काढली, पुरातत्त्व खात्यात आरेखक म्हणून काम केले, छापखाना चालविला आणि तोही सोडला. चाळिशीच्या सुमारास मुंबईच्या गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला, आणि आपले काम कोणते ते त्यांना उमगले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. छायाचित्रण, छपाई, आरेखन, आधीच्या प्रत्येक नोकरीत शिकलेली विद्या तेथे उपयोगी पडली. आणि हेही विसरू नये की, त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई या धडपडीत घरही सांभाळीत होत्या आणि फिल्मची कामेही करीत होत्या. घराने साथ दिली नसती, तर तो मनुष्य तेवढे धाडस कदाचित करू शकला नसता.

म्हणून शेवटचा शब्द आईवडिलांसाठी. मुलगा किंवा मुलगी वेगळ्या वाटेची गोष्ट काढील, तेव्हा लगेच नाही म्हणू नये आणि लगेच हो म्हणूनही मोकळे होऊ नये. वर्ष-दीड वर्षाची मुदत ठरवावी, तेवढ्या काळात काय शिकावयाचे, किती खर्च करावयाचा आणि न साधल्यास काय करावयाचे, हे एकत्र बसून कागदावर लिहावे. मुलींच्या बाबतीत तर हे विशेष करावे. कारण त्यांच्या आवडीचा प्रश्न पुष्कळ घरांत विचारलाच जात नाही. निकालाच्या दिवशी “आता पुढे काय?” हा प्रश्न आपल्या घरातही येईलच. तेव्हा इतर सर्वांनी आपले उत्तर थोडे मागे ठेवावे आणि ज्याचे आयुष्य आहे त्याला प्रथम बोलू द्यावे.